धवलारणीची खोली

मनुबाई घरत यांना बोट लागते, हे अर्ध्या उरण तालुक्याला माहीत होतं. पलीकडे रेवसच्या बाजूला लग्न असलं, की करंज्याहून लाँचमध्ये बसून पंधरा मिनिटांत उतरायचं सोडून त्या पेण-वडखळचा अडीच तासांचा वळसा घालून जात. यजमानाला आधीच बजावत, "गाडी धाड. लाँचमदी बसवलंस तर धवलारीण मांडवात आडवी पडलेली दिसंल."

आणि यजमान गाडी धाडत असे. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचे धवले असतात. ते म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. तिने धवला म्हटला नाही तर लग्न लागलं, असं जुनी माणसं अजून मानत नाहीत. मनुबाई एकोणिसाव्या वर्षी सासूमागे उभ्या राहून गायला लागल्या, आता सदुसष्टाव्या वर्षीही आवाज पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सारखा चालायचा. पुस्तक नाही, वही नाही. सगळं तोंडपाठ.

मार्चमध्ये दिनानाथशेट त्यांच्या ओटीवर येऊन बसले. त्यांचे कंटेनर वाहणारे तीस-बत्तीस ट्रेलर न्हावा शेवा बंदरात चालत होते. धाकट्या मुलीचं, प्राप्तीचं लग्न ठरलं होतं.

"मनुमावशी, लग्न मोठ्या बोटीवर आहे," ते म्हणाले. "मुंबईहून निघायचं, दुसऱ्या दिवशी भर समुद्रात लग्न, तिसऱ्या दिवशी गोवा. मे महिन्यात."

मनुबाईंनी हातातला अडकित्ता खाली ठेवला. "वैशाखात? पानी फिराय लागतं तवा. मना न्हाय जमनार, दिनानाथ. दुसरी बघ."

दिनानाथांनी फोन लावून मनुबाईंच्या हातात दिला. पलीकडे प्राप्ती होती.

"आजी, तू आली नाहीस तर गाणी लावणारे लोक रेकॉर्ड लावणार आहेत," ती म्हणाली. "बारा मिनिटांचं. मी ऐकलं. हळदीचं आणि पाठवणीचं एकातच घातलंय. माझ्या आईचं लग्न तू लावलंस, ताईचं लावलंस. माझं यंत्र लावणार का?"

मनुबाई म्हणाल्या, "येते. पन झोपायची खोली मी निवडनार."

ही अट ऐकून दिनानाथशेट हसले. खोली तर त्यांनी आधीच धरून ठेवली होती. बाराव्या मजल्यावर, अगदी पुढे, गॅलरीसकट. नवरानवरीच्या खोलीला लागून. धवलारणीचा मान म्हणून.

मनुबाईंचा मुलगा विनेश याने ही बातमी संध्याकाळपर्यंत गावभर केली. त्याचा स्वतःचा एक ट्रेलर होता आणि दिनानाथशेटच्या ओळखीवर त्याला काम मिळायचं. आपल्या आईला शेटनी सर्वांत वरची खोली दिली, हे सांगताना त्याची मान ताठ व्हायची.

रविवारी विनेशची मुलगी प्रणाली बोटीचा नकाशा घेऊन बसली. ती बंदराजवळच्या एका कंपनीत कंटेनरची कागदपत्रं बघायची, म्हणून तिने ऑफिसातून नकाशा मोठा छापून आणला होता. फोनवर रुचिका होती, लग्नाची सगळी व्यवस्था बघणारी मुलगी.

"नाल कंच्या बाजूला?" मनुबाईंनी विचारलं.

"बोटीचं पुढचं टोक, आजी? हे इकडं."

मनुबाईंनी त्या टोकावर बोट ठेवलं. बाराव्या मजल्याची खोली नेमकी तिथेच होती. त्यांनी बोट तसंच ठेवून डोळे मिटले. त्यांचे वडील भागोजी मिठागरातलं मीठ मचव्यात भरून मुंबईला नेत. लहान असताना दोन-तीन वेळा मनूने हट्ट धरून त्यांच्याबरोबर प्रवास केला होता, आणि प्रत्येक वेळी ओकून ओकून तिचा पार लोळागोळा झाला होता. शेवटच्या वेळी भागोजींनी तिला पुढून उचलून मधोमध डोलकाठीच्या बुडाशी बसवलं आणि म्हणाले होते, "नालेवर बसलीस तर तू आभालात चढतेस अन् पान्यात पडतेस. मदी बस. खाली बस. अन् लांब बघ, जवल बघू नको." त्या वेळी ती मुंबईपर्यंत टिकली होती.

"ही खोली नको," त्या म्हणाल्या. "नाल लई वर-खाली होते. अन् बारावा माला म्हंजे झोका अजून मोठा. मना खालची दाव. मदली."

फोनवरची रुचिका गोंधळली. "आजी, खाली छोट्या खोल्या असतात. गॅलरी नसते. तुम्हाला आवडणार नाही."

"गॅलरीत मी काय वाल सुकत घालनार हाय? दाव."

रुचिकाने पहिली दाखवली ती चौथ्या मजल्यावर मधोमध होती, पण तिला खिडकीच नव्हती. ती मनुबाईंनी नाकारली. डोळ्याला लांबची रेघ दिसली पाहिजे, नाहीतर डोकं गरगरतं. दुसरीला खिडकी होती, पण ती पार मागे होती. "तिथं मशिनीची थरथर असंल," मनुबाई म्हणाल्या, आणि रुचिकाने विचारून सांगितलं, हो, असते. तिसरी बरोबर वाटली, पण प्रणालीने वरच्या मजल्याचा नकाशा त्यावर ठेवून पाहिला तर वर भटारखाना होता. पहाटेपासून भांड्यांचा आवाज आणि तळणाचा वास. मनुबाईंनी नुसती मान हलवली.

चौथी खोली चौथ्या मजल्यावर, बोटीच्या बरोबर मध्यावर. बंद काचेची खिडकी. खाली-वर दोन्हीकडे नुसत्या झोपायच्या खोल्या. मनुबाईंनी नकाशावर पेनाने गोल केला. "ही. दोगी ऱ्हाऊ इथंच, मी अन् परनाली."

विनेश इतका वेळ दारात उभा राहून ऐकत होता. तो आत आला.

"आये, मी गावाला काय सांगू? पाहुणे वर, अन् माझी आई तळाला? माल भरतात तिथं."

"मानसं ऱ्हातात तिथं. परनालीनी दावलंन."

"पण शेटनी मान दिला. मानाची खोली सोडून देतेस?"

मनुबाईंचा आवाज चढला नाही. "विनेश, मना बोलावलंय कशाला? गायला. त्या वरच्या खोलीत मी रातभर ओकनार, अन् सकाली उभी ऱ्हाऊन माज्या तोंडातून काय निगंल? त्याला कोन मान म्हनंल?" मग म्हणाल्या, "तुना लाज वाटत असंल तर वरची खोली तू घे. मी दिनानाथला सांगते."

विनेशने ती खरंच घेतली.

शुक्रवारी संध्याकाळी बोट निघाली तेव्हा पाणी शांत होतं. वरच्या डेकवर मांडव घातला होता, चारी बाजूंनी समुद्र, झेंडूच्या माळा, फोटो काढणाऱ्यांची गर्दी. मनुबाई एकदा वर जाऊन पाहून आल्या, मांडव चांगला आहे म्हणाल्या, आणि भात न खाता चार घास कोरडी भाकरी खाऊन खाली येऊन झोपल्या.

पहाटे समुद्र बदलला. आधी कपाटाचं दार करकरलं, मग टेबलावरचा पेला सरकत कडेला आला. मनुबाई उठून बसल्या तोच पोटातून कळ आली आणि त्या न्हाणीघरात गेल्या. प्रणाली पाठ चोळत राहिली. एकदाच झालं. तोंड धुऊन त्या खिडकीशी येऊन बसल्या, आल्याचा तुकडा दाढेखाली धरला आणि दूर जिथे पाणी संपून आभाळ लागतं तिथे नजर लावली.

"आजी, बरं नाही का? सांगू का वर?"

"थांब. बघू दे."

अर्धा तास त्या हलल्या नाहीत. खोली झुलत होती, पण उसळत नव्हती. लाट आली की ती हळूच एका अंगावर जायची आणि तशीच परत यायची. आठ वाजता मनुबाईंनी पाव मागितला. तो पोटात राहिला. मग त्यांनी लुगडं नेसायला घेतलं.

साडेआठला दारावर थाप पडली. दिनानाथशेट भिंतीला धरून उभे होते, चेहरा राखेसारखा.

"मावशी, वरचा डेक बंद केला कप्तानानं. वारा फार आहे, मांडवाचे खांब हलतायत. वरच्या मजल्यांवर सगळे पडलेत. माझी बायको, व्याही, तो गाणी लावणारा, सगळे. आणि प्राप्ती…" त्यांनी दाराची चौकट धरली. "तिला हळदीच्या अंगानं ओकाऱ्या होतायत. अकराचा मुहूर्त. मला काही सुचत नाही."

"तिला खाली आन," मनुबाई म्हणाल्या. "माज्या खाटेवर."

प्राप्तीला दोन बायकांनी धरून आणलं. हिरवा चुडा, मोकळे केस, ओठ पांढरे. मनुबाईंनी तिला खिडकीकडे तोंड करून कुशीवर निजवलं, कपाळावर ओला फडका ठेवला. "डोले मिटू नको. ती रेघ दिसते ना, तिला धरून ठेव."

"आजी, इथं कमी हलतंय," थोड्या वेळाने प्राप्ती म्हणाली.

"हलतंय. पन तुना फेकत न्हाय."

नंतर विनेश आला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. एका हातात उशी होती, दुसरा भिंतीवर. तो दाराच्या आतल्या बाजूला जमिनीवर बसला आणि त्याने डोकं गुडघ्यांवर टेकलं. मनुबाईंनी आल्याचा एक तुकडा त्याच्या हातात दिला.

मग मनुबाई दिनानाथांना म्हणाल्या, "बोटीच्या मदी, असंच खाली, मोटी जागा कुटं हाय?"

प्रणालीलाच माहीत होतं. "पाचव्या मजल्यावर मधला मोठा हॉल. जिन्याजवळचा."

"मांडव तिथं. खांब नकोत, चार पाट मांडा. ज्यांना बसवतंय त्यांना खाली आना, बाकीच्यांना निजू द्या."

कधी नव्हे ते दिनानाथशेटनी प्रश्न न विचारता सांगितलेलं केलं. रुचिका स्वतः आजारी असूनही तीन कामगार घेऊन पाट, कलश, झेंडूच्या माळा खाली घेऊन आली. साडेदहाला प्राप्ती उठून बसली, तिने थोडं सरबत घेतलं. मनुबाईंनी स्वतः तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि बाशिंग बांधलं.

हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं जमली. बरीचशी भिंतीला टेकून बसली होती. नवरा मुलगा केतन पाटावर बसला होता, घामाघूम, पण बसला होता. स्पीकर नव्हते. मनुबाई जिन्याच्या कठड्याला एक हात लावून उभ्या राहिल्या, प्रणालीला मागे उभं केलं आणि पहिला धवला धरला.

आवाज निघाला तो नेहमीचाच. भरलेला, सरळ, घाई नसलेला. वरच्या मजल्याचं दार उघडून एक म्हातारे गृहस्थ कठड्याला धरून खाली बघू लागले. मग अजून दोघी आल्या. बोटीवरचे परदेशी कामगारही ट्रे घेऊन तिथेच थांबले. मनुबाई देवदेवतांना बोलावत होत्या, गावाच्या वेशीला, मिठागरांना, मायबापांना.

अक्षतांच्या थोडं आधी एक मोठी लाट आली. सगळा हॉल डावीकडे कलला, कुणाचा तरी नारळ गडगडत गेला, बायका किंचाळल्या. मनुबाईंचा हात कठड्यावर घट्ट झाला आणि ओळ मध्येच तुटली. एक क्षण नुसता समुद्राचा आवाज होता.

मागून प्रणालीने ती ओळ उचलली.

तिला कोणी कधी बसवून शिकवलं नव्हतं. लहानपणापासून आजीबरोबर लग्नांना जाऊन जाऊन ती ओळ तिच्या कानात बसली होती. आवाज कोवळा होता, पण शब्द बरोबर होते आणि सूरही बरोबर होता. मनुबाईंनी वळून पाहिलं. नातीचा चेहरा लाल झाला होता, पण ती थांबली नाही. मनुबाईंनी एक ओळ तिला एकटीला म्हणू दिली. पुढच्या ओळीला त्या मिसळल्या.

आणि त्यांनी एक नवं कडवं घातलं, जे आजवर कुणी ऐकलं नव्हतं:

"पान्यावरी मांडव घातला गो, दर्या आला वऱ्हाडी,
लाट आली वरमाय होऊन, नवरीची दृष्ट काढी घडी घडी…"

जमिनीवर बसलेल्या म्हाताऱ्या बायकांनी माना वर केल्या. त्यांच्या ध्यानात आलं, हे आत्ताच, इथेच रचलंय. त्यातल्या एकीने टाळी धरली, मग सगळ्यांनी. अक्षता पडल्या तेव्हा प्राप्ती हसत होती आणि रडत होती, आणि दिनानाथशेट, ज्यांना गावात कुणी डोळे पुसताना पाहिलं नव्हतं, उपरण्याने तोंड झाकून उभे होते.

नंतर रीतीप्रमाणे नवरानवरी धवलारणीच्या पाया पडायला आले. मनुबाई खोलीत गेल्या होत्या, म्हणून दोघं चौथ्या मजल्यावर आली. मागोमाग नवऱ्याकडचे, मग दिनानाथांच्या घरचे, मग ओळख नसलेले दोन-तीन प्रवासीही. अरुंद वाटेत रांग लागली. दारात विनेश उभा होता, अजून पिवळाच, पण सरळ उभा. येणाऱ्या प्रत्येकाला तो म्हणत होता, "आत या. माझी आई आहे आत." एका गृहस्थांनी विचारलं, एवढ्या खाली का राहिल्या? विनेशने त्यांना बोटीचा मध्य, झोका आणि खिडकी यांचं गणित पहिल्यापासून समजावून सांगितलं. जणू ती खोली त्यानेच शोधली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी गोव्याच्या बंदरात बोट लागली. पाणी पुन्हा सपाट होतं. जेवणघरात मनुबाईंनी दोन दिवसांनी पहिल्यांदा भात मागवला आणि आमटी घालून पोटभर जेवल्या. समोर प्रणाली चहा पीत होती.

"ती ओल तुना कवापासून येते?" मनुबाईंनी विचारलं.

"माहीत नाही. सगळं येतं बहुतेक. पूर्ण कधी म्हणून पाहिलं नाही."

मनुबाईंनी पाणी पिऊन पेला खाली ठेवला. "जूनच्या आधी पेणला एक लग्न हाय. शनिवारी. ऑफिसला सुट्टी टाक."

"मागे उभी राहायला?"

"फुडं. पयला धवला तू धरायचा. मी मागून साथ देईन."

प्रणालीने चहाचा कप बाजूला सरकवला. मग तिने फोन काढला आणि साहेबांना सुट्टीचा मेसेज लिहायला घेतला.