थोरलीचे डोळे

नवा रंग देतानाचा व्हिडिओ लोक बघून पुढं जातात, पण जुना रंग खरवडतानाचा व्हिडिओ बघत बसतात, हे ज्ञानेश्वरीला पहिल्याच वर्षी कळलं होतं. पितळी मुखवट्यावर रिमूव्हरचा बोळा फिरवला की जुना रंग सुरकुत्या धरून फुगतो. पात्यानं ओढला की दुधावरची साय निघावी तसा सलग निघतो आणि खालून पिवळंधमक पितळ वर येतं. तेवढ्यासाठी माणसं थांबायची. मग नवे डोळे, भुवया, गालावरची लाली आणि सगळ्यात शेवटी नथ. मानवतच्या दोन खोल्यांच्या घरातून 'लक्ष्मीचं रूप' हे तिचं पेज असंच वाढलं. महालक्ष्म्या बसायच्या आधीचे दोन महिने कुठून कुठून मुखवटे तिच्याकडं रंगायला यायचे.

दीड वर्षाची लेक साक्षी दुपारी झोपली की ज्ञानेश्वरीचं दुकान उघडायचं. त्या दीड-दोन तासांत रंगवायचं, शूटिंग करायचं, कमेंटला उत्तरंही तेव्हाच द्यायची. पोरगी कुरकुरली की एका हातानं थोपटत दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं 'धन्यवाद ताई' लिहायचं.

यंदा मात्र पेज बसलं होतं. पंधरा दिवस एकही व्हिडिओ हजाराच्या पुढं सरकला नव्हता. लातूरच्या एका पोरीनं अगदी असंच पेज काढलं होतं आणि तिचे व्हिडिओ धावत होते.

"पहिल्या तीन सेकंदांत माणूस हसला पायजे, न्हाईतर दचकला पायजे," जिनिंग मिलच्या कामावरून आलेला तिचा नवरा भागवत जेवताना म्हणाला. "तू आपली सुरुवातीलाच नमस्कार ताईंनो म्हणतीस."

"मग काय शिव्या घालू ताईंना?"

"हसव गं. लोक लय दमलेले असतात."

त्याच आठवड्यात ताडकळसहून तिच्या आईकडच्या थोरली-धाकटीचे मुखवटे आले. कस्तुराबाईनं ते जुन्या धोतरात गुंडाळून, गावातल्या परमेश्वरदादाच्या हाती एसटीनं धाडले होते. पाठोपाठ फोन आला. "थोरलीच्या नाकात नथ बसंना गेलीय. भोक तेवढं मोठं करून दे. दुसरं काई करू नको."

"असू दे गं आई, करते की सगळं."

"न्हाई म्हणले ना. लेकराला सांभाळ. तुला आधीच लय काम हाय."

आई असंच बोलते. साडी घेऊ का म्हटलं तर नको, दवाखान्यात चल म्हटलं तरी नको. तिच्या 'नको'ला घरात कुणी कधी धरून बसलं नव्हतं. ज्ञानेश्वरीनंही धरलं नाही.

दुपारी तिनं धोतर सोडलं. धाकटीचा चेहरा ठीक होता, दुकानातून आला तसा. थोरली मात्र उजेडात आली आणि ज्ञानेश्वरीला हसूच फुटलं. एक डोळा मोठा, दुसरा लहान. मोठ्याचं बुबुळ पार कोपऱ्यात गेलेलं. भुवया दोन तऱ्हेच्या, अन् ओठ गुलाबी, चकचकीत. लहानपणापासून ती हा चेहरा बघत आली होती, पण मुकुट, पदर, फुलं, फुलोरा यांच्या आड, लांबून. हातात घेऊन असा कधीच बघितला नव्हता.

फोन स्टँडला लावलेलाच होता. तिनं मुखवटा खिडकीकडं फिरवला. "अगं बाई, एक डोळा आमच्याकडं अन् एक दाराकडं! कुणी केलं असंल हे?" म्हणत ती खरोखरच खळखळून हसली. चार सेकंद. लगेच बोळा, पातं, साय.

व्हिडिओच्या कपाळावर तिनं मोठ्या अक्षरांत तोच प्रश्न टाकला, बाजूला हसणारी तोंडं लावली आणि पेजवर चढवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत दोन लाख माणसांनी तो बघितला होता. 'माझी सासू अशीच बघते.' 'पेंटरचा पत्ता द्या, घराला रंग द्यायचाय.' ज्ञानेश्वरी एकेकाला बदाम पाठवत होती. भागवत म्हणाला, "बघ, सांगितलं होतं का न्हाई?"

थोरलीला तिनं जीव ओतून रंगवलं. असे डोळे तिच्या हातून आजवर उतरले नव्हते. पाणी भरल्यासारखे, शांत. ते मुखवटे कुणाच्या हाती पाठवायला तिचं मन होईना. आईचं तोंड बघायचं होतं. साक्षीला कडेवर घेऊन, परभणीला गाडी बदलून ती ताडकळसला गेली.

कस्तुराबाईनं पिठाचे हात पदराला पुसले आणि मुखवटा घेतला. आधी समोरून बघितलं. मग उलटा करून मागची पोचा पडलेली जागा बोटानं चाचपली. ती होती. पुन्हा समोरून बघितलं.

"डोळे?"

"काढले की जुने. कसे होते ते, आई! आता बघ."

"काढले?"

तेवढ्यात शेजारची सुकेशनी, अंगणवाडीची सेविका, हसत आत आली. "काकू, तुमची ज्ञाना टीव्हीवाल्यांच्या पुढं गेली की ओ! आमच्या मीटिंगमंदी समद्या बायकांनी बघितलं." तिनं फोन कस्तुराबाईपुढं धरला. खोलीत ज्ञानेश्वरीचं हसू खळखळलं. एक डोळा आमच्याकडं अन् एक दाराकडं! मग पातं फिरायला लागलं. कस्तुराबाईनं ते शेवटपर्यंत बघितलं.

"भक्तीनं काढले होते ते," ती म्हणाली.

सुकेशनीनं फोन हळूच बंद केला आणि पोळ्या तव्यावर असल्याचं सांगून निघून गेली.

भक्ती ज्ञानेश्वरीची थोरली बहीण. बारावीत असताना ताप डोक्यात गेला आणि चार दिवसांत गेली. ज्ञानेश्वरी तेव्हा नऊ वर्षांची, परभणीला मामाकडं शाळेत. तिला घरी आणलं तेव्हा सगळं उरकलं होतं.

"त्या साली थोरलीचा रंग उडाला होता," आई सांगत होती, मुखवट्याकडं बघत. "पेंटर भेटला न्हाई. म्हणली, मी काढते. दाराला लावायचा काळा रंग घेतला. व्हटाला तिची नेलपालिश. तुझे बाबा वराडले, देवाचं थोबाड बिघडिवलं म्हणून. तर म्हणती कशी, बिघडलं कुठं? थोरली दाराकडं बघायलीय, कोण कोण जेवायला येतंय ते. दुसऱ्या साली ती न्हवती."

"मला कधी सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? तिचं नाव निघालं की तुझे बाबा उठून जातेत. मग नाव काढायचंच सुटलं. सालातून तीन दिवस थोरलीपुढं बसायचे मी. तेवढंच होतं."

ज्ञानेश्वरीनं फोन काढला. "आत्ता काढून टाकते हा व्हिडिओ."

आईनं तिचं मनगट धरलं. "अन् मग ते डोळे कुठं बघू?"

मूळ शूटिंग फोनमध्ये राहिलं नव्हतं; जागा भरते म्हणून व्हिडिओ टाकला की ती मागचं सगळं पुसायची. मागच्या वर्षांच्या महालक्ष्म्यांचे फोटो तिनं एकेक मोठे करून बघितले. फुलांच्या मधोमध डोळ्यांच्या जागी दोन ठिपके. मग तिनं व्हिडिओ थांबवून त्याचा फोटो काढला आणि स्टुडिओत नेला. स्टुडिओवाल्यानं कपाळावरची अक्षरं पुसून दिली, तर त्यासंगं भुवयाही गेल्या.

शेवटी आईच्याच घरी, सोबत आणलेला ब्रश घेऊन ती बसली. आपले पाणीदार डोळे पुसले आणि फोनमध्ये बघून भक्तीचे काढायला लागली. बुबुळ कोपऱ्यात नेलं. एक डोळा लहान केला. तीनदा पुसलं, चौथ्यांदा आईपुढं धरलं. वडील लिंबाजी शेतातून आले होते. ते दारातच थबकले, मुखवट्याकडं बघितलं आणि बैलाला पाणी दाखवायचं राहिलं म्हणून पुन्हा बाहेर गेले.

"तसंच हाय," मुखवटा जवळ घेऊन कस्तुराबाई म्हणाली.

"मग?"

"पण तुझा हात हाय हा, ज्ञाना. कळतंय मला." तिनं लेकीच्या पाठीवरून हात फिरवला. "तुझे आधीचेच काढ. ते शोभत होते थोरलीला."

सासरच्या महालक्ष्म्या थोरल्या जावेकडं बसतात. यंदा तिला विचारून ज्ञानेश्वरी माहेरी आली. थोरली-धाकटी बसल्या. आल्या-गेल्या बायका थोरलीपुढं हात जोडताना म्हणत, काय तेज चढलंय! पेजवर तोच व्हिडिओ अजून चालत होता. त्यावरून रोज नवे निरोप येत होते, आमच्या थोरलीचेही डोळे असेच विनोदी हायत, करून द्याल का. ज्ञानेश्वरीनं कमेंट बंद केल्या होत्या. व्हिडिओ तेवढा ठेवला होता.

जेवणाच्या दिवशी ती आत पुरण वाटत होती. बाहेरच्या खोलीतून तिला तिचंच हसू ऐकू आलं. चार सेकंद, मग शांत. पुन्हा हसू, पुन्हा शांत. पातं यायच्या आत आई बोटानं व्हिडिओ मागं नेत होती.

ज्ञानेश्वरी दारात आली. "आई, आवाज तरी बंद कर गं. मला ऐकवत न्हाई."

"राहू दे की." कस्तुराबाईनं मान वर केली नाही. "दोघी बहिणी एका जागी आणखी कुठं दिसताव तुमी?"

ज्ञानेश्वरी आत गेली. पाट्यावर हात चालेना. हसू आलं, थांबलं. पुन्हा आलं. आणि मग, थांबायच्या जागी, पात्याचा खर्र आवाज झाला. तो चालूच राहिला, पार शेवटापर्यंत.

ती पुरणाच्या हातांनी तशीच बाहेर धावली. आई थोरलीपुढं बसली होती, फोन मांडीवर उताणा.

"माझं बोट उशिरा लागलं गं," कस्तुराबाई म्हणाली. लहान लेकरानं हातातलं सांडल्यावर बघावं तसं बघत होती. "मागं कसं न्यायचं, परत एकदा दाखव."

ज्ञानेश्वरी तिच्या शेजारी बसली. पदराला बोट पुसलं आणि दाखवलं.