बाहीवरचा हिरवा धागा

त्या दुपारी नोरीन माझ्या शेजारी असती, तर चेंडूला माझा हात लागला नसता. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढचे तीन दिवस मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

आमच्या पोर्ट हॅलमचा बेसबॉल संघ म्हणजे फेरीमेन. एकेचाळीस वर्षांत त्यांनी एकदाही कप जिंकला नव्हता. त्यातली एकतीस वर्षं माझी बायको नोरीन आणि मी डाव्या बाजूच्या पहिल्या रांगेत बसून काढली. खुर्ची नंबर सात माझी, आठ तिची. पुढे फक्त कठडा आणि कठड्यापलीकडे मैदान.

पहिल्या रांगेची एक रीत असते. उंच उडालेला चेंडू आपल्याकडे आला आणि तो झेलायला आपला खेळाडू धावत येत असेल, तर रांगेने मागे सरायचं, हात आवरायचे, त्याला जागा द्यायची. पाहुण्यांचा खेळाडू येत असेल तर मात्र खुशाल आडवं यायचं. हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण चेंडू डोक्यावर आला की कुणालाच आठवत नाही. प्रत्येकाला आयुष्यात एक तरी चेंडू घरी न्यायचा असतो. म्हणून नोरीन उभी राहायची, दोन्ही हात पसरून एक माझ्या छातीवर आणि एक पलीकडच्याच्या छातीवर ठेवायची आणि ओरडायची, "मागे! मागे व्हा रे, आपला माणूस येतोय!" तिचा हात चांगलाच बसायचा. एकतीस वर्षांत मला एकही चेंडू मिळाला नाही. मी तिला त्यावरून बोलायचो. ती म्हणायची, "तुला चेंडू हवाय की कप?"

ती मार्चमध्ये गेली. दोन्ही खुर्च्यांचे पास आम्ही डिसेंबरातच काढलेले होते. सगळा उन्हाळा मी तिच्या खुर्चीवर माझी टोपी ठेवून सामने पाहिले.

ऑक्टोबरातल्या त्या बुधवारी, अंतिम फेरीच्या सहाव्या सामन्याला, कॉफीच्या रांगेत माझ्यापुढे डेल क्रुगर उभा होता. चाळिशीचा, शाळेची बस चालवणारा. आमची तोंडओळख होती. त्याला खांबामागची जागा मिळाली होती.

"अर्धं मैदान दिसतं," तो म्हणाला. "उरलेलं लोकांच्या ओरडण्यावरून समजून घेतोय."

"माझ्या शेजारची खुर्ची रिकामी आहे," मी म्हणालो.

"ती तर तुमच्या मिसेसची ना?"

"ती रागावणार नाही. ये."

तो त्या खुर्चीवर इतका जपून बसला की मलाच अवघडल्यासारखं झालं. त्याच्या अंगात संघाचं लाल जॅकेट होतं, माझ्याही अंगात. त्या दिवशी मैदानात निम्मं गाव लाल जॅकेटात होतं. माझं तेवढं जुनं. उजवी बाही कठड्यावर घासून टोकाला फाटली होती. नोरीनने ती गेल्या वर्षी रफू केली. लाल धागा संपला होता म्हणून हिरव्याने केली. मी कुरकुर केली तेव्हा म्हणाली, "लांबून कोण बघतंय?"

आठवा डाव चालू होता. आम्ही तीन धावांनी पुढे होतो. आणखी पाच गडी बाद केले की कप आमचा. लोक आधीच एकमेकांना मिठ्या मारत होते. तेवढ्यात त्यांच्या बॅटरचा फटका चुकला आणि चेंडू उंच, सरळ आमच्या बाजूला आला. सगळी रांग उठली. आमचा टिल्मन धावत येत होता. तो मला दिसत होता, हे मी खोटं सांगणार नाही. मी छातीवर हात येण्याची वाट पाहत होतो असं मला आता वाटतं. हात आला नाही. मी पुढे वाकलो. डेलही वाकला. माझा उजवा हात त्याच्या पुढून गेला, त्याच्या डाव्या हाताला धडकला, आणि चेंडू माझ्या तळहातावर आपटून खाली पडला.

टिल्मन कठड्यावर आदळला. त्याने ग्लोव्ह जमिनीवर फेकला आणि आमच्याकडे बघून ओरडला. मोठ्या पडद्यावर तेच दृश्य परत दाखवलं. मी डेलच्या खांद्यामागे होतो. पडद्यावर त्याचा चेहरा होता आणि त्याच्यापुढे एक लाल बाही.

त्याच डावात त्यांनी आठ धावा काढल्या. एक साधा चेंडू आमच्या दुसऱ्या खेळाडूच्या पायांमधून गेला, आमचा चेंडू टाकणारा पिचर दमला होता तरी बदलला नाही, पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. मागून लोक डेलवर पेले फेकायला लागले. मग लोक सुरात ओरडायला लागले. डेल खुर्चीत बसून राहिला होता, दोन्ही हात मांडीखाली दाबून. शेवटी दोन रखवालदार आले आणि त्यांनी त्याच्या डोक्यावर एक कोट टाकला. उठताना तो कोटाखालून म्हणाला, "माफ करा, मिस्टर विट्कस."

माझा तळहात लाल झाला होता. मी तो खिशात घातला.

गुरुवारी सातवा सामनाही आम्ही हरलो. त्या दिवशी सकाळच्याच पेपरात पहिल्या पानभर त्या क्षणाचा फोटो होता. मी तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला आणि चष्मा पुसून पाहिला. डेलचं उघडं तोंड, टिल्मनचा ग्लोव्ह, मध्ये चेंडू, चेंडूला लागलेली बोटं, आणि त्या बोटांमागे बाहीच्या टोकाला एक हिरवी रेघ. बोटाच्या नखाएवढी. पण होती.

मी जॅकेट तळघरात नेऊन कपडे धुण्याच्या मशीनमागे कोंबलं.

त्यानंतर मला झोप अशी लागलीच नाही. दारावर टपाल पडलं तरी मी दचकायचो. गावात प्रत्येकाच्या घरी तो पेपर होता. नोरीनला गावातली अर्धी माणसं ओळखत होती, आणि तिच्या त्या रफूची गंमत ती सगळ्यांना दाखवत फिरली होती. कुणीतरी भिंग घेऊन बघेल, असं मला वाटत राहायचं. मग वाटायचं, कुणी बघणार नाही. आणि ते जास्त वाईट वाटायचं.

डेलचं नाव आणि पत्ता रेडिओवर कुणीतरी फोन करून सांगितला. बेव्हच्या खानावळीत सकाळी दुसरा विषय नव्हता. बेव्ह गल्ल्यापाशी उभी असते आणि कॉफी ओतता ओतता सगळ्यांचं ऐकते. मर्व हा माझा जुना मित्र, बोटीच्या इंजिनांवर आम्ही एकत्र काम केलेलं.

"क्रुगरला आता गावात एकच काम मिळेल," मर्व म्हणाला. "गोदीवर दोर पकडायचं. पकडण्याची भारी हौस आहे त्याला."

"तो दोरही सुटेल त्याच्या हातून," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

"लेन, तू तर शेजारीच होतास," मर्व म्हणाला. "एक लाथ घालायची होतीस."

"एवढं पटकन झालं," मी म्हणालो.

"आणि जॅकेट कुठाय तुझं? बाहेर बर्फ पडायला आलंय आणि तू शर्टावर फिरतोयस."

मी कप बशीत ठेवला. "धुवायला टाकलंय."

"धू, धू," मर्व म्हणाला. "शेजारी बसलास म्हणजे तुलाही लागली असेल त्याची अवदसा."

शुक्रवारी दुपारी मी डेलकडे गेलो. त्याच्या अंगणात कागदी पेले, अंडी आणि फुटक्या बाटल्या पडल्या होत्या. टपालपेटी मोडून टाकलेली. पडदे ओढलेले. दार त्याच्या बायकोने साखळी लावूनच उघडलं, आणि मला ओळखल्यावर साखळी काढली. तिने माझा हात हातात घेतला. "तुम्ही पहिलेच," ती म्हणाली. "दुसरं कुणीच आलं नाही."

डेल स्वयंपाकघरात बसला होता. शाळेने त्याला काही दिवस घरी राहायला सांगितलं होतं. मुलगी आजीकडे पाठवली होती, कारण तिच्या वर्गातली मुलं तिच्यावर चेंडू फेकत होती.

"तुम्ही मला तुमच्या मिसेसची खुर्ची दिलीत," तो म्हणाला, "आणि मी हे करून ठेवलं."

"डेल, ते तसं..."

"नाही, मला जाणवलं ना. बोटांना काहीतरी लागलं. आधी वाटलं की नसेल. मग इतक्यांदा टीव्हीवर पाहिलं. आता डोळे मिटले की माझाच हात दिसतो."

त्याच्या बोटांना लागला होता तो माझा हात. मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात त्याच्या बायकोने माझ्यापुढे ॲपल पायचा तुकडा ठेवला आणि माझ्या खांद्यावर थोपटलं. मी तो तुकडा खाल्ला. सगळा खाल्ला. मग हवामानाबद्दल काहीतरी बोललो आणि उठलो. दारात डेल म्हणाला, "तुम्ही आलात, हे मी विसरणार नाही."

घरी येईपर्यंत मला दोनदा गाडी कडेला थांबवावी लागली. मला भीती कशाची होती ते मी स्वतःला नीट विचारलं. अंड्यांची नव्हती. मला त्या गावात चौसष्ट वर्षं झाली होती आणि मार्चपासून माणसं माझ्याशी फार चांगली वागत होती. दारात जेवण ठेवून जायची. ते बंद झालं तर घरात काय उरणार होतं, ही भीती होती. त्यासाठी मी एका माणसाला त्याच्याच स्वयंपाकघरात कोंडून ठेवलं होतं.

शनिवारी सकाळी मी तळघरातून जॅकेट काढलं, झटकलं, आणि अंगात घालून बेव्हकडे गेलो. खानावळ भरलेली होती. मी बसलो नाही.

"चेंडूला डेलचा हात लागला नाही," मी म्हणालो. "माझा लागला."

मग मर्व उठला आणि त्याने माझ्याभोवती हात टाकला.

"बस बघू इथे. बेव्ह, याला अंडी दे. अरे लेन, ते पोर तुझ्या शेजारी होतं म्हणून तुला वाईट वाटतंय. नोरीन गेल्यापासून तू सगळंच अंगावर घेतोस."

"मी अंगावर घेत नाहीये. मीच आहे तो."

"रात्री झोपतोस का तू?" बेव्ह म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "बिचारा. नोरीन असती तर हेच केलं असतं तिने. दुसऱ्यासाठी."

मागच्या टेबलावर दोघीतिघी मान हलवत होत्या. मी दिसत होतो त्यांना. मोठ्या मनाचा म्हातारा. मी तेव्हा हो म्हणून खाली बसलो असतो तरी चाललं असतं. मी बोललो होतो, त्यांनी ऐकलं नव्हतं, माझा काय दोष? बेव्हने कॉफी ओतलीसुद्धा.

भिंतीवर तो फोटो चिकटवलेला होता. कुणीतरी डेलच्या चेहऱ्यावर फुली मारली होती. मी तो भिंतीवरून काढला, गल्ल्यावर ठेवला, आणि त्याच्याशेजारी माझा उजवा हात ठेवला.

"बाही बघ, मर्व."

"काय बघू?"

"टोकाला बघ."

त्याने चष्मा लावला. फोटो पाहिला, माझी बाही पाहिली, परत फोटो पाहिला. हिरव्या धाग्यावरून त्याने बोट फिरवलं. बेव्ह वाकून बघत होती. तिनेच आधी तोंडावर हात ठेवला. त्या रफूवरून नोरीनने तिला याच गल्ल्यापाशी हसवलं होतं.

मर्वने माझ्या खांद्यावरचा हात काढला.

"तीन दिवस," तो म्हणाला. "तीन दिवस तू इथे बसून आमच्याबरोबर हसलास."

"हसलो नाही."

"पण बसलास ना."

"बसलो."

"ती असती तर तुझा हात पुढे गेलाच नसता, लेन."

"नसता गेला," मी म्हणालो.

अंडी तशीच राहिली. मी बाहेर पडलो तेव्हा माझ्यासाठी कुणी दार धरलं नाही.

सकाळी अकरापासून फोन वाजायला लागला. मार्चमधल्या त्या आठवड्यानंतर तो इतका कधीच वाजला नव्हता. पहिली एक बाई होती. तिने माझं नाव विचारलं आणि मग जे बोलायचं ते बोलली. मी म्हणालो, "हो, मीच." दुसऱ्याने नुसता श्वास घेतला आणि ठेवला. रेडिओवाल्यांना मी सगळं परत सांगितलं, बाहीसुद्धा, आणि डेलच्या नावाचा स्पेलिंगसकट उच्चार करून सांगितलं की त्याने काही केलेलं नाही. एक काचेचा पेला खिडकीवर येऊन फुटला. मी काचा गोळा केल्या.

चारच्या सुमारास डेलचा फोन आला. त्याच्या श्वासावरूनच मी ओळखलं.

"खरं आहे?"

"खरं आहे."

"तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात बसला होतात."

"हो."

"मी तुमची माफी मागितली. तुम्ही ॲपल पाय खाल्लात."

"हो, डेल."

"माझी मुलगी..." मला माफी मागायची होती, पण त्याने मागितली होती तशी माझ्याकडून ती निघेना. मग तो म्हणाला, "परत येऊ नका आमच्याकडे." मागे त्याची बायको काहीतरी म्हणत होती, आणि तिच्याही मागे पडदे ओढल्याचा आवाज आला. पडद्याच्या कड्या दांडीवरून सरकतात तसा. ते उघडत होते की लावत होते, ते मला कळलं नाही. दिवस मावळायला अजून वेळ होता. मी धरून चाललो की उघडत होते.

त्याने फोन ठेवला. मी जॅकेट खुर्चीच्या पाठीवर नीट घातलं, बाही बाहेर राहील अशी.

फोन परत वाजला. मी उचलला.

"हो," मी म्हणालो. "मीच तो. बोला."