जिन्यातली रेघ

करी रोडच्या त्या चाळीत मंजुळाच्या बाबांना हरेश्वर म्हणून कुणी हाक मारत नसे. एकसष्ट साली, लष्करात ट्रक ड्रायव्हर असताना, ते संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून काँगोला जाऊन आले होते. तेव्हापासून गिरणीतही आणि चाळीतही त्यांचं नाव ‘युनो’. नळावर दोन बायका जुंपल्या की आरोळी ठरलेली, ‘‘युनोला बोलवा!’’

युनो यायचे, दोन्ही कळश्या बाजूला करायचे आणि काँगोची गोष्ट लावायचे. नाक्यावर अडवलेला ट्रक आणि बिस्किटांच्या बदल्यात सोडवून आणलेला जाडा हवालदार. गोष्ट संपेपर्यंत भांडण कशावरून होतं तेच बायका विसरायच्या.

‘‘बाबा, तुम्ही गोळी झाडलीत का हो कधी?’’ मंजुळा विचारायची.

‘‘आम्ही शांतता राखायला गेलो होतो,’’ एवढं म्हणून ते मिश्रीची डबी उघडायचे.

ब्याऐंशीच्या संपाला दहावा महिना लागला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या लहूने कामावर जायचं ठरवलं. बायको शेवंती सात महिन्यांची पोटुशी, घरात दोन्ही वेळा पेज. न्यायला गिरणीची बस नाक्यावर येणार होती. बातमी फुटली तसा कुशाबा तव्याच्या काजळीत तेल कालवायला बसला. लहूचं तोंड रंगवायचं होतं. कुशाबा साताऱ्याकडचा, संपाचा कडवा माणूस. गिरणीत त्याचा साचा, म्हणजे माग, बाबांच्या साच्याला लागून, आणि दोस्ती वीस वर्षांची.

‘‘लहू चुकतोय,’’ बाबा त्याला म्हणाले, ‘‘पण अंगाला हात लावायचा नाही.’’ ते स्वतः संपात पक्के होते. पेच तोच होता.

सकाळी सहाला बाबांनी जिन्याच्या वळणावर स्टूल टाकलं. मंजुळा नुकतीच शाळेत शिकवायला लागली होती. तिच्या पिशवीतला खडू घेऊन त्यांनी पायऱ्यांच्या मधोमध वरपासून खालपर्यंत रेघ ओढली. कुशाबा संपवाल्यांना घेऊन आला तसे ते म्हणाले,

‘‘डावी बाजू तुमची. शिव्या द्या, थुंका, काय ते करा. उजवीकडून लहू उतरेल. रेघेपलीकडे हात आला तर मी मारीन.’’

‘‘आरं, युनो कधी मारतंय व्हय?’’ कुशाबा हसला. ‘‘युनो नुसतं ठराव करतंय!’’

सगळे हसले. वरून डबा छातीशी धरून उतरणारा लहूही हसला, बिचारा.

शिव्या झाल्या. लहूच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. बाबा हलले नाहीत. मग कुशाबाचा काळा पंजा रेघ ओलांडून गेला. स्टुलाखाली आईचं कपडे बडवायचं धोपाटणं ठेवलेलं आहे, हे मंजुळालाही ठाऊक नव्हतं. एकच फटका. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. लहू बसकडे पळाला, बाकीचे मागे सरले आणि कुशाबा मनगट धरून पायरीवर बसला. त्याच्या तोंडावर रागापेक्षा नवलच जास्त होतं.

त्यानंतर चाळीत अशी शांतता झाली की बाबांशी कुणी बोलेना. नळावर भांडणं व्हायची, पण आरोळी येईना. संपाच्या सभेत त्यांच्या शेजारची जागा रिकामी राही. लहू मात्र उजव्या बाजूने रोज बिनधोक जात होता.

‘‘जिंकलात की,’’ आई म्हणाली. बाबांनी पानातला भात तसाच ठेवला. त्यांना त्यांचा दोस्त हवा होता, आणि तो चार खोल्यांपलीकडे दार लावून बसला होता. संपापायी बायकोमुलं गावी, उजवा हात प्लास्टरमध्ये.

तिसऱ्या दिवशी बाबांनी वस्तरा, साबण आणि भाकरी घेतली, गरम पाण्याचा तांब्या मंजुळाकडे दिला आणि कुशाबाच्या दारावर थापा मारत ते गावच्या मालवणीत ओरडले,

‘‘उघड रे, माझो हात दुखाक लागलो!’’

कुशाबाने दार उघडलं. ‘‘चल, भाईर हो!’’

‘‘होतो. आधी दाढी.’’

‘‘माज्या नरड्याला वस्तरा लावनार तू?’’

‘‘हलला नाहीस तर लागणार नाही.’’

फेस लावता लावता बाबा हळू आवाजात बोलू लागले. ‘‘काँगोत आधी हुकूम होता, गोळी आली तरच गोळी. महिनोन्महिने नुसते उभे. डोळ्यांदेखत माणसं मरायची. मग हुकूम आला, रस्ता मोकळा करा. केला. मीही झाडल्या. दवाखान्यात औषधं पोचली, ते बरोबरच झालं. आणि आम्ही पुढे गेलो. ज्यांना लागलं, त्यांना नंतर पाणी कुणी पाजलं, घास कुणी भरवला, मला माहीत नाही. थांबायचा हुकूम नव्हता.’’

मंजुळाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. त्यानंतर बाबा अठ्ठावीस वर्षं जगले. ही गोष्ट त्यांनी पुन्हा सांगितली नाही.

‘‘म्हंजी मला मारलं ते चुकलं म्हनतूस?’’ कुशाबाने विचारलं.

‘‘नाही. परत हात घातलास तर परत मारीन. पण हाड सांधेपर्यंत तुझी दाढी, आंघोळ, भाकरी माझ्याकडे.’’

‘‘आन् उद्या मी जिन्यात येऊन बसलो तर? डावा हात हाय अजून.’’

‘‘बस की.’’ बाबांनी वस्तरा पुसला. ‘‘सहाला पाणी तिथेच आणतो. लहू गेला की दाढी उरकू.’’

कुशाबाने फेस लावलेला दुसरा गाल पुढे केला.

‘‘च्या बी आन मग,’’ तो म्हणाला.