खाडाखोडीपुढची सही

मित्रांनो, मी एक जुनी नोंदवही आहे आणि माझ्या मनात फार राग आहे. वहीला कसला आलाय राग, असे तुम्ही म्हणाल. पण मी एकोणीस वर्षे डूख धरून बसले होते आणि हे सांगायला मला काडीचीही लाज वाटत नाही.

माझा जन्म एका बाइंडिंगच्या दुकानात झाला. दोनशे पाने, दोऱ्याने शिवलेली पाठ, जाड पुठ्ठा. पहिल्या पानावर सूचना छापलेल्या होत्या. त्यातली चौथी अशी: ‘खाडाखोड झाल्यास बाजूला पूर्ण सही करून तारीख घालावी.’ तेव्हा ती मला अगदीच रुक्ष वाटली होती. आज माझ्या दोनशे पानांत मला तीच ओळ सर्वांत जास्त आवडते.

दुकानातून मी एका प्राणिसंग्रहालयात आले, थेट जिराफांच्या घरात. तिथली दारे उंच, खिडक्या उंच, चाऱ्याच्या टोपल्यासुद्धा छताजवळ टांगलेल्या. त्या भरण्यासाठी दिवसभर शिडीवर चढ-उतार करणारे एक गृहस्थ होते. सगळे त्यांना शिडीकाका म्हणत. मी त्यांची वही. त्यांनी मला तपकिरी कागदाचे कव्हर घातले आणि पहिली नोंद केली.

एका जिराफाला एक पान. जन्मतारीख, आई, वडील. डाव्या बाजूला मानेवरच्या ठिपक्यांचे पेन्सिलीने काढलेले चित्र, कारण दोन जिराफांचे ठिपके कधीच सारखे नसतात. आणि खालच्या कोपऱ्यात शेपटीचे पाच काळे केस, सुईदोऱ्याने टाचलेले. गोंद लावला तर कीड लागते, असे काका म्हणत. कात्रीच्या आवाजाने पिल्ले बिचकत, म्हणून ते केस झटकन मुळासकट उपटत आणि लाथ बसायच्या आत बाजूला होत. दोनदा जमले नाही, तेव्हा आठवडाभर लंगडत होते. असे केस टाचायला त्यांना कोणी सांगितले नव्हते. प्रत्येकाची काहीतरी खूण जवळ असावी, एवढेच त्यांच्या मनात होते.

त्या घरात वाकड्या नावाचा एक नर होता. मान जराशी वाकडी, स्वभाव गरीब. त्याची आई एका जातीची आणि वडील दुसऱ्या जातीचे, म्हणून त्याच्या पिल्लांना बाहेर फारशी मागणी नव्हती. एकच मुलगा कसाबसा दुसऱ्या प्राणिसंग्रहालयाने नेला. त्याचेही पान माझ्यात आहे. मग मोठ्या साहेबांनी लांबून एक देखणा, शुद्ध वंशाचा नर आणला. त्याचे नाव दिमाख्या. वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला, आणि शेजारी साहेबांचा त्याहून मोठा. आता दिमाख्याची पिल्ले होणार आणि ती सगळीकडे जाणार, असे साहेबांनी जाहीर करून टाकले. दिमाख्या मात्र खायचा, मान ताठ करून उभा राहायचा आणि माद्यांकडे ढुंकूनही बघायचा नाही.

पुढे चांदणी नावाची मादी जन्मली. वडिलांच्या रकान्यात काकांनी लिहिले: वाकड्या. शिडीवरून त्यांनी सगळे डोळ्यांनी पाहिले होते. दुसऱ्या दिवशी साहेब आले, खिशातून ब्लेड काढले आणि ते अक्षर खरवडू लागले. मित्रांनो, कातडी सोलणे म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळले. खरवडलेल्या जागी त्यांनी लिहिले: दिमाख्या. बाजूला सही नाही. तारीख नाही.

“साहेब, पिल्लू वाकड्याचं आहे,” काका म्हणाले.

“तू शिडीवर चढायचं काम कर. वंशावळ मी बघतो.”

पान उलटताना मी साहेबांचे बोट कापले. वहीला तेवढेच करता येते.

त्यानंतरच्या पिल्लांच्या नोंदी साहेब स्वतः करू लागले. वडील: दिमाख्या, दिमाख्या, दिमाख्या. काका मुकाट्याने केस तेवढे टाचत राहिले.

सहा वर्षांनी चांदणीसाठी स्थळ शोधायची वेळ आली. साहेबांनी ठरवलेले स्थळ कोणते? दुसरीकडे गेलेला वाकड्याचा तोच मुलगा! कागदावर दोघांचे काही नाते नव्हते. काका मला छातीशी धरून साहेबांच्या खोलीत गेले. “साहेब, ही सावत्र भावंडं आहेत. ही सोयरीक करू नका.” साहेबांनी मला उघडले आणि आपल्याच अक्षरावर बोट ठेवले. “इथं तसं लिहिलेलं नाही.”

सव्वा वर्षाने पिल्लू झाले. मागचे पाय जन्मतःच आत वळलेले. ते एकदाही उभे राहिले नाही. काकांनी चार दिवस त्याचे डोके मांडीवर घेऊन बाटलीने दूध पाजले. पाचव्या दिवशी सकाळी पिल्लू गेले. साहेबांनी त्याचे पान करू दिले नाही आणि खापर काकांवर फोडले. दार उघडे टाकल्यामुळे पिल्लू गारठ्याने मेले, असा अहवाल गेला. काकांची नोकरी गेली. पिल्लू मारणारा माणूस म्हणून सारे त्यांना ओळखू लागले.

जाण्यापूर्वी काकांनी माझे कव्हर सोडवले. मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहिले: ‘चांदणीचे पिल्लू. पाय जन्मतः वाकडे. दार बंद होते.’ खाली पाच केस टाचले आणि कव्हर पुन्हा चढवले. मला म्हणाले, “सांभाळ गं.”

सांभाळले. मला माळ्यावर टाकले, वर जुने पाइप रचले. कॉम्प्युटर आला, माझी आठवण कोणालाच राहिली नाही. खाली साहेबांचे सत्कार होत होते, टाळ्या मला वर ऐकू येत. निवृत्तीनंतर त्यांची मोठी तसबीर दिवाणखान्यासारख्या सजवलेल्या सभागृहात लागली. ते पाच केस माझ्या पाठीला टोचत राहिले आणि मला विसरू देईनात. वाळवी आली, तिलाही मी म्हटले, कोरी पाने खा, पण पुठ्ठ्याला तोंड लावू नकोस.

मग एक तरुण डॉक्टरबाई आल्या. बऱ्याच प्राणिसंग्रहालयांनी मिळून जिराफांच्या जोड्या नव्याने ठरवायच्या होत्या, एकमेकांपासून लांबच्या वंशातल्या. त्यासाठी जुन्या जिराफांचे केस तपासायचे होते. साहेब तेव्हा सल्लागार म्हणून येत. त्यांनीच मला माळ्यावरून काढायला लावले. आपल्या दिमाख्याचा वंश आता शास्त्राने सिद्ध होणार, म्हणून स्वारी खुशीत होती. “घ्या की,” ते म्हणाले, “हवे तेवढे केस घ्या.”

ऐकलेत ना, मित्रांनो? परवानगी त्यांनीच दिली.

बाई एकेक टाका उसवत होत्या. मागच्या कव्हरखाली त्यांच्या हाताला उंचवटा लागला. त्यांनी कागद सोडवला आणि पेन्सिलीची ती ओळ वाचली. तेही केस तपासायला गेले.

निकाल आला त्या दिवशी बाईंनी शिडीकाकांना बोलावून घेतले. काका ओळखू येईनात, इतके वाकले होते. प्राणिसंग्रहालयाच्या समितीच्या अध्यक्षबाई होत्या, साहेब होते, आणि मध्ये टेबलावर मी.

“दिमाख्याला एकही पिल्लू झालेलं नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “सगळी वाकड्याची. आत्ता आपल्याकडे असलेले सातही जिराफ सावत्र भावंडं आहेत, त्यांची आपसात जोडी लावता येणार नाही. आणि चांदणीचं ते पिल्लू, त्याची आईही वाकड्याची आणि बापही. पिल्लाला निम्मं आईकडून येतं, निम्मं बापाकडून. एकच दोष दोन्हीकडून आला, तर असे पाय होऊ शकतात. असे पाय घेऊन जन्मलेलं पिल्लू दार बंद असलं तरी जगत नाही, काका.”

काकांनी डोळे पुसले. अध्यक्षबाई म्हणाल्या, “आम्ही तुमचा सत्कार करू. वर्तमानपत्रात खुलासा देऊ.”

“सत्कार नको,” काका म्हणाले. “पहिल्या पानावरची चौथी सूचना वाचा.”

डॉक्टरबाईंनी ती मोठ्याने वाचली. मग चांदणीचे पान काढून उजेडात धरले. खरवडलेली जागा कांद्याच्या पापुद्र्यासारखी दिसत होती.

“एवढ्या वर्षांनी सहीचं काय घेऊन बसलात?” साहेब म्हणाले.

“ब्लेड तुम्ही चालवलंत, सही तुम्हीच करायची. आणि तारीख आजची घाला. पुन्हा खोटं नको.”

साहेबांनी सगळ्यांकडे पाहिले. अध्यक्षबाईंनी पेन त्यांच्यापुढे सरकवले. साहेबांनी ते घेतले आणि नुसते एक वळण काढले. “पूर्ण सही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. मग साहेबांनी नाव, आडनाव, सगळे लिहिले. माझ्या पानावर इतके गोड काही आजवर कोणी लिहिले नव्हते. हात मागे घेताना मी पुन्हा त्यांचे बोट कापले. तेच बोट.

मग काकांनी एक कोरे पान उघडले. पिल्लाची जन्मतारीख, आई, वडील. ठिपक्यांचे चित्र त्यांनी आठवणीतून काढले, एकदाही न थांबता. नावाच्या रकान्यात लिहिले: चारदिवश्या. उरलेले दोन केस खाली टाचले. सुईत दोरा ओवायला मात्र बाईंना मदत करावी लागली.

साहेबांची तसबीर काढली आहे. भिंतीवर तेवढा फिकट चौकोन उरला आहे. मला आता काचेच्या पेटीत ठेवणार आहेत. मित्रांनो, जुन्या वह्या जपा, त्यांना वाळवीपासून वाचवा, हे तर मी सांगेनच. पण माझी एक मागणी आहे. मला चांदणीच्या पानावर उघडी ठेवा, सही दिसेल अशी. साहेबांची नात शाळेच्या सहलीबरोबर येईल, तेव्हा तिलाही ती वाचता आली पाहिजे. क्षमा करायची की नाही, ते काका ठरवतील. मी वही आहे. लिहिलेले मी कोणासाठीही पुसणार नाही.