झोपू दे त्याला

माझा धाकटा भाऊ गॅरेजमध्ये गाड्यांना फवारून रंग मारायचा. नाकाला फडकं बांधायचा कंटाळा, आणि रंगाच्या वासावर उतारा म्हणून सिगारेट. फुप्फुसात गाठ निघाली तेव्हा मी आधी त्याला चांगलं फैलावर घेतलं आणि मग रडले. माझं सगळं असंच उलटं.

ऑपरेशन लगेच करणार नव्हते. आधी फुप्फुसांना तालीम हवी म्हणाले. दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंनी त्याच्या हातात तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र दिलं. नळीतून श्वास आत ओढला की गोळ्या वर जातात. पठ्ठ्याने फुंकर मारली. गोळ्या ढिम्म.

"जन्मल्यापासून श्वास घेतोय, आता शिकवणी लावायची का?" तो म्हणाला.

"आत ओढ. सिगारेट ओढतोस तसा," मी म्हटलं. बाईंनाही हसू आलं.

मग त्यांनी मला बाजूला घेतलं. "ऑपरेशननंतर छाती इतकी दुखते, की पेशंट खोकायचं टाळतो. कफ आत साठला की न्यूमोनिया होतो. जखमेवर उशी दाबून धरा आणि खोकायला लावा. शिव्या देईल. दया दाखवू नका."

हे काम मला जमण्यासारखं होतं. मी त्याला जिने चढायला लावले, सिगारेटी नळाखाली भिजवल्या. तो मला हवालदारीण म्हणू लागला. पण हळूहळू तिन्ही गोळ्या वर गेल्या, आणि त्याने आईला हाक मारून सर्कशीतल्यासारखं ते करून दाखवलं.

ऑपरेशन चांगलं झालं. तो वॉर्डात आल्यावर मी उशी घेऊन त्याच्या मागे लागले. खोकताना त्याचा चेहरा पांढराफटक पडायचा. "ताई, आज नको. पाया पडतो तुझ्या." तरी मी "खोक" म्हणायचे. आई पायथ्याशी बसून रडायची.

"अगं, झोपू दे त्याला," ती म्हणायची. "कसायाचं काळीज आहे तुझं."

माझी रजा संपली. लाँड्रीत जाणं भाग होतं, म्हणून आईला सगळं नीट समजावून मी एक दिवस कामावर गेले. संध्याकाळी परतले तर तो झोपलेला आणि आई खुशीत.

"दिवसभर झोपला गं. त्या बाई आल्या होत्या, त्यांना सांगितलं की आत्ताच सगळं करून झालंय. नर्सलाही तेच. एकदाही उठवलं नाही मी."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. अंग तापलं होतं आणि आत घरघरत होतं. त्याला उठवून बसवलं, उशी दाबली, खोक म्हटलं. त्याने प्रयत्न केला, पण अंगात तेवढी ताकदच उरली नव्हती. मी ओरडले तशी नर्स धावत आली. पुढे ऑक्सिजन, मग आयसीयू, मग घशात नळी. त्यातून तो उठलाच नाही.

डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. "कफ साठत गेला. मध्ये व्यायाम चुकला होता का?"

"एक दिवस."

"एका दिवसानेच झालं, असं नाही सांगता येत," ते म्हणाले. नाही असंही त्यांनी म्हटलं नाही.

घरी माणसं भेटायला येऊ लागली. आई येईल त्याला सांगायची, "हिने माझ्या लेकराला खोकायला लावून लावून मारलं. एक दिवस माझ्या हाती आला, तेवढाच सुखाने झोपला."

मला भयंकर राग आला. माझ्या जिभेला हाड नाही, हे आईच गावभर सांगत आली आहे. सगळं तोंडाशी आलं होतं.

"खरं का गं?" मावशीने सगळ्यांसमोर विचारलं. आईही माझ्याकडे पाहायला लागली. दोन आठवड्यांत ती निम्मी झाली होती.

"हो," मी म्हटलं. "मी फार छळलं त्याला. आई होती तेवढाच दिवस त्याचा सुखाचा गेला."

आई हुंदका देऊन माझ्याकडे पाठ करून बसली. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही.