आधी माझा फोटो काढा

ओली चादर कोरडीपेक्षा जड असते हे सगळ्यांना ठाऊक असतं. किती जड, ते फक्त खांद्यांना.

दोरीवर दोन लाकडी चिमटे. मध्ये काहीच नाही.

येणारी बस सव्वादहाची. परतीची बारा दहाची.

काढायला काय, माणसं काहीही काढतात. दिवस काढतात, खोडी काढतात, पळ काढतात, कुणाची लाज काढतात.

मिटलेले डोळे, उघडं तोंड, गालावर शिवणीचा वळ.

आता नीट सांगायचं तर असं.

मोठ्या इस्पितळाच्या तळघरात धुलाईखातं होतं आणि तिथल्या बायकांच्या फोटोंचं प्रदर्शन मांडायचं म्हणून फोटोताई तिथं तीन महिने रोज जात होती. तिचं खरं नाव कुणी विचारलंच नाही. पहिल्या दिवशी मुकादम ओरडला, "अहो फोटोताई, वाफेपासून लांब! नाहीतर तुमचीच इस्त्री व्हायची," आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. पहिला आठवडा फुकट गेला. कॅमेरा दिसला की बायका हातातलं टाकून, केस सारखे करून शाळेच्या वर्गफोटोसारख्या ओळीत उभ्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांना कंटाळा आला. तिथून खरे फोटो मिळायला लागले.

त्यांच्यात घडीमावशी थोरल्या. चादरीची दोन टोकं आपल्या हातात, दोन समोरच्या बाईच्या, आणि पावलं मोजून जवळ यायचं. नवखी बाई हिसका द्यायची. मावशी म्हणायच्या, "ओढू नकोस गं, बोलव तिला. आपणहून येते."

एका दुपारी सुट्टीत फोटोताई आत आली, तर धुतलेल्या चादरींच्या ढिगाला टेकून मावशी निजलेल्या. तिनं विचारलं नाही. विचारणार कसं? खटका दाबला.

पंचाईत अशी, की सव्वीस फोटोंत तोच सगळ्यांत चांगला निघाला. बाकी सगळ्यांना तिनं त्यांचे त्यांचे फोटो आधी दाखवले, होकार घेतला. हा मात्र उद्या दाखवू, परवा दाखवू करत राहून गेला. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तळमजल्याच्या लांबलचक बोळात तिनं दोरी बांधली आणि चिमट्यांनी फोटो टांगले. अगदी मधोमध, हातभर लांबीचा, मावशींचा. मावशी ढकलगाडी घेऊन जाताना थांबल्या, बघितलं, आणि पुढं गेल्या.

संध्याकाळी मुकादमाचा फोन. "मावशींचा निरोप आहे. सकाळी आधी माझा फोटो काढा, बाकीचं नंतर. दोनदा सांगितलंय हो."

चोराच्या मनात चांदणं. फोटोताईनं उलटून एक प्रश्न विचारला नाही. न विचारता घेतलं होतं, ते परत करायलाच हवं. पण एका बाईला लाज वाटली असेल, तर उरलेल्या पंचवीस फोटोंकडे तरी कुठल्या तोंडानं बघायचं? सकाळी आठलाच येऊन तिनं फोटो उतरवला आणि गुंडाळी करून पिशवीत ठेवला.

साडेदहाला मावशी आल्या. ठेवणीतले कपडे, केसांना तेल, आणि हाताला धरून सव्वादहाच्या बसनं आलेली लेक. लेक परगावी शिकायला होती. तळघर तिनं कधी पाहिलं नव्हतं. मैत्रिणींना सांगायची, आई इस्पितळात असते. त्यापुढं कुणी विचारलं की विषय बदलायची. दोघी मधोमध येऊन थांबल्या. समोर दोन चिमटे.

"माझा कुठाय?" मावशी म्हणाल्या.

"काढला ना मावशी. सकाळीच, आधी तोच."

"काढला? मी आत्ता येतेय, काढला कुणाचा?"

फोटोताईनं पिशवीतून गुंडाळी बाहेर घेतली. मावशींनी कपाळावर हात मारला.

"अगं बाई, काढा म्हणजे काढा! उतरवा कोण म्हणालं? ही येणार होती म्हणून निरोप धाडला. म्हटलं, गर्दी व्हायच्या आधी आम्हा दोघींचा एक काढा, त्या झोपाळू बयेशेजारी उभं करून."

"मी शब्दन्‌शब्द सांगितलं होतं," मुकादम मागून म्हणाला.

"तुमच्या तोंडून गेलं की साखरेचं मीठ होतं!"

फोटोताई हसली नाही. "पण मावशी, तो मी न विचारता घेतला होता. तुम्ही झोपेत होता."

"कोण झोपेत होतं? तुमच्या त्या डब्याचा खटका मेलेल्याला उठवील."

"मग डोळे का नाही उघडले?"

"उघडले असते तर नीट बसावं लागलं असतं. पाय दुखत होते माझे."

आता लेक हसली. आधी फोटोताईकडे बघून, मग आईकडे. म्हणाली, "दाखव ना. तू म्हणालीस ते तोंड किती उघडंय बघू."

पण गुंडाळलेला कागद सरळ राहीना. टांगला की वळवळून परत वर. मावशींनी दोन कोपरे धरले, दोन लेकीच्या हातात दिले. लेकीनं हिसका दिला.

"ओढू नकोस. बोलव."

दोघींनी कागद उलटा गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. मग समोरासमोर उभ्या राहून ताणून धरला. मधे झोपलेल्या मावशी, एका टोकाला जाग्या, दुसऱ्या टोकाला लेक.

"मावशी," फोटोताईनं कॅमेरा उचलला. "काढू?"

"उतरवताय की घेताय, तेवढं आधी सांगा!"

तो फोटो हलला आहे, कारण तिघीही हसत होत्या. तरी पुढं दोरीवर सत्ताविसावा म्हणून तोच लागला.

परतीची बारा दहाची बस गेली तेव्हा लेक तळघरात चादरीचं टोक धरून उभी होती, आणि समोरची बाई तिला पावलं मोजायला शिकवत होती.

लेक याच इस्पितळात जन्मली, आणि ती जन्मली त्या दिवशीही दुपारी दोनपर्यंत मावशी कामावर होत्या.