तिथली सिस्टर

पद वेगळं आणि माणूस वेगळा, हे सरकारी कचेरीत बसल्याशिवाय कुणाला कळत नाही. मी एकतीस वर्षं आस्थापना शाखेत कारकून आहे, म्हणून मला ते कळतं, आणि कळतं याचा मला उगाचच अभिमानही होता. पद म्हणजे खुर्ची. ती मंजूर होते, तिला क्रमांक असतो, ती एका ठिकाणची असते. माणूस मात्र कागदावर एका खुर्चीवर असतो आणि प्रत्यक्षात बसतो दुसरीकडं. अशा जोड्या लावण्यात माझा हात कुणी धरणार नाही, असं आमचे साहेब चारचौघांत म्हणायचे.

गेल्या वर्षी नाशिकच्या आमच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाला वैद्यकीय महाविद्यालय जोडायचं ठरलं. डॉक्टर आणि नर्सची चारशे बारा पदं आरोग्य खात्याकडून वैद्यकीय शिक्षण खात्याकडे वर्ग करा, असा आदेश आला. इमारत तीच, खाटा त्याच, पेशंट तेच, फक्त खातं बदलणार. यादी अर्थातच माझ्या गळ्यात. "वाल्मीकराव, सोमवारी मुंबईला गेली पाहिजे," साहेब म्हणाले. साहेबांना सोमवार फार आवडतो, कारण त्याच्या आधीचा रविवार माझा जातो.

यादी करता करता नवजात बालक कक्षाच्या पानावर मी अडलो. तिथं साधना आहेरचं नाव बसेना.

साधना सिस्टरचं माहेर सटाण्याचं, सासर एकलहऱ्याचं, नवरा तिथल्या वीज केंद्रात. अकरा वर्षं ती आमच्या नवजात कक्षात होती. सव्वा किलोचं बाळ तिच्या हातात दिलं की डॉक्टरसुद्धा निवांत चहाला जायचे. पण कागदावर ती आमच्याकडं नव्हतीच. तिचं पद होतं हरसूलच्या पुढं, डोंगरातल्या एका छोट्या रुग्णालयात. आम्ही कचेरीत त्याला नुसतं 'वरचं' म्हणायचो. तिथल्या प्रसूती कक्षाला नर्सचं एकच पद, आणि त्या पदावर साधना. अकरा वर्षांपूर्वी तिची तिथं बदली झाली तेव्हा मुलगी रूपाली दहावीला होती, आणि बाई माझ्या टेबलासमोर उभी राहून रडली. मी तिला कागदावर वर पाठवली आणि 'तात्पुरत्या सेवा' म्हणून त्याच दिवशी खाली बोलावून घेतली. वर एखादी कंत्राटी नर्स देऊ असं ठरलं होतं. रूपाली शिकली, नोकरीला लागली, तिचं लग्न झालं, आणि तात्पुरता आदेश तसाच चालू राहिला.

आता मात्र पंचाईत होती. नवजात कक्ष नव्या खात्यात जाणार आणि साधनाचं पद जुन्या खात्यात राहणार. म्हणजे तिला वर जावं लागणार. मी तिला बोलावून सांगितलं, तर ती खुर्चीत बसूनच राहिली.

"भाऊसाहेब, पाच वर्षं राहिलीत माझी," ती म्हणाली. "तेवढी त्या बाळांमध्ये जाऊ द्या. मला दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही नकोय."

मी काही दगड नाही. दोन दिवस जुने आदेश चाळले आणि वाट काढली. आदेशात एक कलम होतं: कर्मचाऱ्याने विकल्प दिला तर त्याचं पदही त्याच्याबरोबर नव्या खात्यात घेता येईल. विकल्प म्हणजे मला तिकडं जायचंय असं लिहून द्यायचं. अट एकच, पद जिथलं असेल तिथं हजर व्हायचं आणि तिथल्या प्रमुखासमोर सही करायची. साधनाने एक दिवस वर जायचं, हजर व्हायचं, सही करायची आणि संध्याकाळी पदासकट परत यायचं. चारशे बाराची चारशे तेरा पदं झाली असती. मी स्वतःवर जाम खूश होतो.

शनिवारी सकाळी जुन्या सीबीएस बसस्थानकावरून आम्ही हरसूलची बस धरली. काही घोळ नको म्हणून मीही बरोबर निघालो. साधनाने वरच्या डॉक्टरांसाठी पेढे घेतले होते. गिरणारे गाव मागं पडल्यावर ती एकदम म्हणाली, "भाऊसाहेब, वर कंत्राटी सिस्टर कोण आहे हो?"

"असेल कुणीतरी. का?"

"तिथून आमच्याकडं येणारी बाळं थंडगार पडलेली असतात. पुसलेलं नसतं, डोक्याला टोपडं नसतं. बाळ आईच्या छातीशी धरून आणलं तरी निम्मं काम होतं, पण तेवढंही सांगत नाही ती. मी किती वेळा रजिस्टरला शेरे मारले, तुम्ही पत्रंही पाठवलीत, पण एका पत्राला उत्तर नाही. आज भेटू दे, अशी सुनावणार आहे ना!"

"सुनवा," मी म्हणालो, आणि खिडकीला डोकं टेकून डुलकी काढली. पत्रं मीच पाठवली होती हे खरं. नमुना तयार असायचा, मी तारीख बदलायचो, तिच्या रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स जोडायचो आणि पाकीट टपालात टाकायचो. मी पत्रं टाइप करतो, वाचत नाही. वाचत बसलो तर काम कधी करणार?

हरसूलला उतरून जीपने वर पोचेस्तोवर साडेअकरा झाले. रुग्णालय बैठं आणि स्वच्छ. दारातच कर्मचाऱ्यांच्या नावांचा फलक होता. त्यावर लिहिलं होतं, 'प्रसूती कक्ष, अधिपरिचारिका: श्रीमती साधना आहेर'. बाकीच्या नावांवर खाडाखोड होती, माणसं आली-गेली होती. हे नाव मात्र दोनदा गिरवून ताजं केलेलं होतं. साधना त्या फलकाकडं बघत राहिली.

आतून एक म्हातारी आया आली. हिरवं लुगडं, हातात ओलं फडकं. तिचं नाव गोजराबाई हे नंतर कळलं.

"कोन पायजे?"

"मी साधना आहेर."

गोजराबाईने तिला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. मग हातातलं फडकं खांद्यावर टाकून तिने साधनाचे दोन्ही हात धरले.

"आल्या का बाई! लय वाट पाह्यली तुमची. समद्या गावाला सांगून ठुलंय, आपली सिस्टर नाशकाला गेलीय, येनार हाय."

"अहो, पण इथं दुसरी सिस्टर आहे ना? कंत्राटी?"

"व्हती एक वरीस. मंग तिला काढली. सायेब म्हनले, पद भरलेलं हाय, दुसरी मिळत नाय."

'सदर पद भरलेले असल्याने कंत्राटी नियुक्तीस मुदतवाढ देता येत नाही.' ते वाक्य माझं होतं. दहा वर्षांपूर्वी मीच टाइप केलं होतं, आणि नेहमीसारखं न वाचता सहीला ठेवलं होतं.

"मग बाळंतपणं कोण करतं?" साधनाने विचारलं.

"डाक्टर हाय ना. डाक्टर आईकडं बघतो, लेकरू माझ्याकडं. मला ठावं तेवढं करते. फडक्यात गुंडाळते आन गाडीत देते. कोनी शिकवलं नाय बाई, काय करू?"

गोजराबाईच्या आवाजात तक्रार नव्हती. ती आम्हाला प्रसूती कक्षात घेऊन गेली. कोपऱ्यात एक टेबल होतं, त्यावर धुळीचा कण नव्हता. "हे तुमचं. रोज पुसते," म्हणत तिने पदराच्या गाठीतून किल्ली काढली आणि ड्रॉवर उघडला. आत पाकिटांचा गठ्ठा होता, सुतळीने नीट बांधलेला.

"ही तुमची टपालं. वर 'सिस्टर, प्रसूती कक्ष' लिव्हलेलं हाय, असं शिपाई म्हनला. दुसऱ्याचं टपाल फोडू नये, म्हनून तशीच ठुली."

पाकिटं चौदा होती, एकही उघडलेलं नव्हतं. सगळ्यांवर आमच्या कचेरीचा शिक्का. सरकारी पत्र नावाने जात नाही, पदाच्या नावाने जातं. त्या पदावर कोण आहे हे नाशकात ज्या दोघांना माहीत होतं, ते आम्ही दोघेही तिथं उभे होतो, आणि आमच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

साधनाने पहिलं पाकीट फोडलं. माझ्या टाइप केलेल्या पानामागं तिच्या रजिस्टरची झेरॉक्स होती. तिचंच गोल, ठसठशीत अक्षर: 'बाळ पुसलेले नाही. डोके उघडे. तिथल्या सिस्टरला एवढेही कळत नाही का?'

तिने दुसरं फोडलं, मग तिसरं. सहाव्या का सातव्या पत्राच्या शेवटी एक ओळ जास्त होती. 'सकाळी नऊ वाजता बाळ गेले.' ते पान तिने पुन्हा घडी करून पाकिटात ठेवलं आणि पाकीट हातातच धरून ठेवलं. मी खिडकीबाहेर बघितलं. मला लाज वाटत होती, आणि ती कुठं ठेवावी हे कळत नव्हतं.

तेवढ्यात डॉक्टर आले. तरुण, भला माणूस. मी आधी फोन केलेला, त्यामुळे विकल्पाचा कागद त्यांनी हातातच आणला होता. हजर रिपोर्टवर साधनाने मुकाट सही केली. मग विकल्पाचा कागद पुढं आला. तिने पेन टेकवलं आणि थांबली.

"भाऊसाहेब, मी सही केली तर इथलं पद राहील का?"

खोटं बोलायला फार सोपं होतं. "नाही," मी म्हणालो. "पद तुमच्याबरोबर नाशिकला येईल. इथं काही उरणार नाही."

"फलकसुद्धा?"

"फलक पुसावा लागेल."

तिने पेनाला टोपण लावलं. मी घाईघाईने म्हणालो, "ताई, नीट विचार करा. सोमवारी यादी गेली की ही वाट बंद. नवजात कक्ष कायमचा सुटेल. आणि घरी यजमान..."

"त्यांना स्वयंपाक येतो. अठ्ठावीस वर्षांत करून बघितला नाही, एवढंच." ती हसली, पण डोळे भरले होते. "मला ती काचेची खोली फार आवडते हो. माझी खोली आहे ती. आज रात्री मला रडू येणार आहे, ते येऊ दे. पण भाऊसाहेब, अकरा वर्षांपूर्वी तुम्ही माझं ऐकलंत, तसं आजही ऐका."

मी विकल्पाचा कागद घडी करून पिशवीत टाकला. साधना गोजराबाईकडं वळली. "मावशी, बाळ पुसायला कोणतं फडकं घेता ते दाखवा मला. आणि आधी हे पेढे वाटा सगळ्यांना."

मी एकटाच खाली आलो. यादी सोमवारी गेली, चारशे बारा पदांची. साहेब माझ्यावर खूश झाले.

गुरुवारी टपालात वरच्या रुग्णालयाचं एक पाकीट आलं. आत एका पानावर गोल, ठसठशीत अक्षर.

'विषय: खुलासा. आपल्या कार्यालयाची एकूण चौदा पत्रे आज रोजी वाचली. तिथल्या सिस्टरला एवढेही कळत नाही का, असे त्यांत विचारले आहे. खुलासा करण्यात येतो की, तिथली सिस्टर मीच होते. आता हजर आहे.'

अशा पत्रावर 'दप्तरी दाखल' असा शेरा मारून ते फायलीत लावायचं असतं. मी पेन खाली ठेवलं आणि ते पत्र पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. मग पुन्हा वाचलं.